हौशी कारागिरांनीं उपेक्षिलेल्या मोटारी



नवरात्राच्या दिवसांत सायंकाळीं ठाण्याच्या टेंभी नाक्यावर जो कोणी गेला असेल त्याला तेथील गर्दीचें वर्णन सांगण्याचें कारण नाहीं. देवीच्या दर्शनाची रांग, खेळण्यांचीं दुकानें, दिव्यांची रोषणाई, आणि ह्या सर्वांतून वाट काढूं पाहणाऱ्या रिक्षा. अशाच एका सायंकाळीं मी माझ्या भाच्याबरोबर तेथें उभा असतांना एक जुनी जीप गर्दींत शिरली. तिचें छत काढून टाकलेलें, चाकें मूळच्याहून कितीतरी रुंद, आणि इंजिनाचा आवाज असा कीं ढोल वाजविणाऱ्यांनींही क्षणभर हात थांबवावा. पोरांनीं तिच्याभोंवतीं कोंडाळें केलें. दोघांतिघांनीं छायाचित्रें घेतलीं. जीप पुढें सरकली तेव्हां तिच्या आड झांकलेली दुसरी एक गाडी आम्हांला दिसली. एका जुन्या इमारतीच्या भिंतीला खेटून ती उभी होती. चौकोनी बांध्याची, विटक्या पांढऱ्या रंगाची, टपावर वाळलेलीं पानें सांचलेली ती प्रीमियर ११८ एन्. ई. होती. तिच्याकडे कोणीं ढुंकूनही पाहिलें नाहीं.

भाच्याचा बराच वेळ गॅरेजांत जातो. जुन्या मोटारींचा त्याला नाद आहे. तो म्हणाला, "मामा, त्या जीपेपेक्षां ही गाडी सर्व बाबतींत सरस. इंजिन चांगलें, गिअर चांगले, चालवायला हलकी. मग जुन्या गाड्यांना नवा जीव देणारे लोक हिच्याकडे वळत कां नाहींत?"

मीं त्या वेळीं कांहीं तरी थातुरमातुर उत्तर दिलें. परंतु प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता, आणि त्याचा माग काढीत गेल्यावर जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें मांडावें असा मानस आहे.

मोटारींच्या हौशी लोकांत दोन पंथ आहेत. एका पंथाला जुनी गाडी कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं जशी होती तशीच राखावयाची असते; खिळाही बदलावयाचा झाला तर तो त्याच सालचा शोधीत हे लोक गांवोगांव हिंडतात. दुसऱ्या पंथाला जुन्या गाडीचा केवळ देह हवा असतो. तींतील निरुपयोगी वजन काढून टाकावें, दमदार इंजिन बसवावें, चाकें, ब्रेक, बैठका आपल्या मनासारख्या कराव्या आणि तिला मूळच्या दुप्पट वेगानें पळवावें, हा त्यांचा आनंद. अमेरिकेंत ह्या दुसऱ्या पंथाच्या गाडीला 'हॉट रॉड' असें नांव आहे. भाच्याचा प्रश्न होता तो ह्या दुसऱ्या पंथाविषयीं.

ह्या पंथाचा जन्म कॅलिफोर्नियांतला. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत तेथील तरुण पोरें भंगारांतून जुन्या फोर्ड गाड्या उचलीत, त्यांचे चिखलाडे आणि बॉनेट काढून फेंकीत, आणि वाळवंटांतील म्यूरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर त्या पिटाळीत. १९३७ सालीं अशा शर्यती भरविणाऱ्या मंडळांचा एक संघही तेथें स्थापन झाला. ह्या पोरांची आवडती गाडी म्हणजे १९२८ ते १९३१ ह्या वर्षांतील फोर्डचें 'ए' मॉडेल आणि १९३२ सालची आठ सिलिंडरांची फोर्ड. आतां कोणासही वाटेल कीं हें आठ सिलिंडरांचें इंजिन त्या काळचें सर्वोत्तम असलें पाहिजे. तसें मुळींच नव्हतें. त्याच्या झडपा बाजूला बसविलेल्या होत्या. त्यामुळें हवा आंत शिरण्याची वाट वांकडीतिकडी. जळालेला धूर खुद्द ठोकळ्याच्या पोटांतूनच बाहेर पडे, म्हणून इंजिन लवकर तापे. पहिल्या वर्षीं त्याची शक्ति होती अवघी ६५ अश्वशक्ति. त्याच काळांतील शेव्हरोलेचें सहा सिलिंडरांचें इंजिन वरच्या झडपांचें, म्हणजे रचनेनें अधिक पुढारलेलें होतें, आणि त्या दशकांत बहुतेक वर्षीं शेव्हरोलेचा खपही फोर्डहून अधिक होता. तरी पोरांनीं हार घातला तो फोर्डच्या गळ्यांत.

ह्याचें एक कारण लांकूड. शेव्हरोलेच्या त्या वेळच्या देहांत पत्र्याच्या आंत लांकडाचा सांगाडा असे. १९३० नंतरचीं कित्येक वर्षें तो राहिला. लांकूड कुजलें कीं दारें लोंबूं लागतात, आणि मग तेथें लोहाराचें नव्हे, सुताराचें काम निघतें. (आमच्या कोंकणच्या पावसांत अशा देहाची काय दशा होते तें सांगावयास नको; आणि १९२८ पासून जनरल मोटर्सनें शिवडीला गाड्या जोडावयास आरंभ केला तेव्हां ह्याच शेव्हरोले मुंबईच्या रस्त्यांवर आल्या होत्या.) शिवाय त्या इंजिनाच्या दांड्यांना तेल मिळे तें पळीनें उडविल्यासारखें, शिंतोड्यांनीं. सावकाश चालीला तें पुरे. परंतु इंजिन पिळून काढावयाचें म्हटलें कीं बेअरिंगें वितळलींच. उलट फोर्डच्या देहांत लांकूड थोडें, पत्रा अधिक. खालीं शिडीसारखी स्वतंत्र चासी. चार बोल्ट काढले कीं देह उचलून बाजूला ठेवावा, दुसरा चढवावा. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं एकट्या 'ए' मॉडेलच्याच ४८ लाखांच्या आसपास गाड्या निघालेल्या. एक बिघडविली तर भंगारांत दुसरी तयार. शिकाऊ हाताला चुका करण्याची मुभा ज्या गाडीनें दिली ती गाडी त्या हाताची लाडकी झाली.

म्हणून १९३४ ची क्रायस्लर एअरफ्लो पहा. वाऱ्याला छेदून जाणारा तिचा घाट त्या काळच्या कितीतरी पुढचा होता. परंतु तिचा देह आणि सांगाडा एकमेकांत गुंतवून एकजीव केलेला. उचलून बाजूला ठेवण्याजोगें तींत कांहींच नाहीं. शिवाय ती विकलीच गेली थोडी. त्यामुळें पोरांनीं तिला हात लावला नाहीं. चार दारांच्या फोर्डसुद्धां ह्या पंथानें दीर्घकाळ उपेक्षिल्या. घरगुती बायकापोरांची गाडी म्हणून त्यांना नाकें मुरडलीं आणि त्यांचे आंस, गिअर, इंजिनें काढून दोन दारांच्या गाड्यांना चढविलीं. ही शेवटची गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. आमच्या पांढऱ्या गाडीची कथा तेथेंच येऊन मिळणार आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आमच्याकडेही जुन्या गाडींत दुसरें इंजिन बसविण्याची कला जुनीच आहे. हेतु मात्र उलटा. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांत क्रायस्लरच्या परवान्यानें डॉज आणि प्लिमथ ह्या भारदस्त गाड्या जोडावयास घेतल्या. सहा सिलिंडरांचें तें इंजिन पेट्रोल पिण्यांत कुंभकर्ण. पुढें पेट्रोल महाग होत गेलें तसे मालकांनीं तें काढून ठेविलें आणि त्या जागीं डिझेलचें छोटें इंजिन बसविलें. अमेरिकेंतला पोरगा हलक्या देहांत भारी इंजिन घाली. आमचा टॅक्सीवाला भारी देहांत हलकें इंजिन घाली. एकाला वेग हवा होता, दुसऱ्याला संध्याकाळीं चार पैसे उरावयास हवे होते. कौशल्य मात्र दोघांचें एकच, आणि मला विचाराल तर आमच्या मिस्त्रीचें काकणभर सरस, कारण लेथयंत्र आणि डोकें ह्यांपलीकडे त्याच्यापाशीं कांहीं नव्हतें. ह्या उलट्या शस्त्रक्रियेमुळेंच आज डॉज-प्लिमथ पाहूं जावें तर मूळचें इंजिन असलेली गाडी विरळा. म्हणून पहिला पंथ तिच्यापाशीं अडखळतो, आणि देह एवढा अवजड कीं दुसऱ्या पंथालाही ती नको वाटते.

अमेरिकेंत १९३२ च्या फोर्डला जें स्थान, तें आमच्याकडे जीपेला. महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत विलिस जीप जोडण्यास प्रारंभ केला आणि तीच मूर्ति थोड्याफार फरकानें अनेक दशकें निघत राहिली. स्वतंत्र चासी, पत्रा सपाट, कोणत्याही खेड्यांतील लोहारानें हातोड्यानें सरळ करावा असा, आणि सुटे भाग तालुक्याच्या गांवींही मिळणार. टेंभी नाक्यावरच्या जीपेभोंवतीं कोंडाळें कां जमलें ह्याचें अर्धें उत्तर येथें मिळतें.

परंतु मग फियाट? ती तर एअरफ्लोप्रमाणेंच एकजीव देहाची; तिला स्वतंत्र चासी नाहीं. तरीही कुर्ल्याच्या ११०० फियाटवर आमच्या हौशी लोकांचा जीव. १९६४ पूर्वीच्या, पुढच्या दारांची बिजागरी मागें असलेल्या गोलमटोल गाडीला लोकांनीं 'डुक्कर फियाट' असें नांव दिलें, आणि तें नांव सांगतांना मालकाची छाती फुगते. १९६४ नंतरची चौकोनी फियाट पुढें 'पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दोन पिढ्यांच्या डोळ्यांत बसली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली तेव्हां वर्तमानपत्रांनीं एखाद्या थोर पुरुषाच्या निधनासारखे मृत्युलेख लिहिले. म्हणजे देह एकजीव असला तरी चालतें. विपुलता असली आणि तिच्या जोडीला आठवण असली कीं बाकी सर्व गुन्हे माफ होतात. टॅक्सी होती म्हणून कुर्ल्याच्या आणि चोरबाजाराच्या भंगारांत तिचे भाग सांपडले. भाग सांपडले म्हणून ती वांचली.

ह्याच्या उलट मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. १९६१ पासून आमच्याकडे निघालेल्या ह्या गाडीचा घाट इटलीच्या मिकेलोत्ती ह्या कलावंताचा. स्वतंत्र चासी, पुढचें बॉनेट चिखलाड्यांसकट उलटें उघडतें, इंजिनाशीं काम करावयास माणसानें जणूं दिवाणखान्यांत उभें राहावें. हौशी कारागिराला ह्याहून अधिक काय हवें? तरी ती उपेक्षित राहिली. तिचें मागचें चाक एका झुलत्या अर्ध्या आंसावर असतें. वेगांत वळण घेतांना आंतलें चाक उचलल्यासारखें होतें आणि बाहेरचें पोटाखालीं मुडपूं पाहतें. इंजिनाची शक्ति वाढवावी तसा हा दोष वाढतो. म्हणून शक्ति घालण्याआधीं मागचा आंसच बदलावा लागतो, आणि तितकी चिकाटी सर्वांपाशीं नसते. मला स्वतःला ती गाडी फार सुंदर वाटते. पण सौंदर्याला येथें एकच मत आहे आणि सुट्या भागांना दहा.

आतां आपल्या पांढऱ्या गाडीकडे येऊं. ११८ एन्. ई. ही प्रीमियर कंपनीनें १९८५ सालीं बाजारांत आणली. देह इटालियन फियाट १२४ चा. इंजिन आणि गिअर जपानी निस्सान कंपनीच्या धर्तीचे, ११७१ घनसेंटिमीटरांचें आणि सुमारें ५२ अश्वशक्तीचें. पद्मिनीच्या चाळिशीच्या तुलनेंत ही मोठीच उडी होती. ती शर्यतींतही उतरली. देहाचें म्हणाल तर फियाट १२४ हा जगांतील सर्वाधिक निघालेल्या मोटारघाटांपैकीं एक. १९७० पासून रशियांतील तोल्याती येथें निघालेली लाडा ही त्याच घाटाची. आणि गंमत अशी कीं रशियांत व पूर्व युरोपांत ह्याच लाडाला पोरें डोक्यावर घेतात, तिचें इंजिन फुगवितात, बर्फावर ती आडवी घसरवितात. एकच देह तेथें नायक आणि येथें भिंतीला खेटून उभा. तेव्हां उपेक्षेचें कारण गाडीच्या अंगांत नाहीं हें उघड आहे.

कारण असें कीं ११८ एन्. ई. चें इंजिन फारच चांगलें निघालें. चमत्कारिक वाटेल, पण हेंच तिला भोंवलें. ज्याला पद्मिनी वेगवान करावयाची होती त्याला निस्सानचें इंजिन आणि गिअरपेटी ही सहज बसण्याजोगी मेजवानी होती. देशांत पद्मिनीचे प्रेमिक अगणित, ११८ एन्. ई. चे मोजके. मग काय होणार? चार दारांच्या फोर्डचें जें झालें तेंच. पांढरी गाडी विकत घ्यावी, तिचें काळीज काढावें, तें पद्मिनीच्या छातींत बसवावें, आणि उरलेला देह भंगारवाल्याला किलोच्या भावानें द्यावा. 'हौसेला मोल नाहीं' असें आपण म्हणतों; मोल असतें, तें ज्याच्या अंगावर पडतें त्याला बोलतां येत नाहीं इतकेंच.

आमच्या ठाणें जिल्ह्याला तर ह्याहूनही जवळचें एक उदाहरण आहे. डोंबिवलीच्या बाजूस कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा दुसरा कारखाना होता. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास फ्रेंच पूझो कंपनीशीं भागीदारी करून तेथें पूझो ३०९ ही गाडी निघूं लागली. चालीला मऊ, वळणावर घट्ट, डिझेल तर विशेष काटकसरी. परंतु कामगारांचा तंटा आणि भागीदारांचा बेबनाव ह्यांत १९९७ च्या सुमारास फ्रेंच कंपनीनें अंग काढून घेतलें आणि गाडी बंद पडली. आज त्या भागांत प्रीमियर मैदान हें नांव लोकांच्या तोंडीं आहे. सभा तेथें होतात. गाडी मात्र दिसत नाहीं. तिचें इंजिन आडवें बसविलेलें आणि पुढचींच चाकें ओढणारीं, त्यामुळें दुसरें इंजिन घालणें जिकिरीचें. सुटे भाग फ्रान्सहून आणावे तर गाडीच्या किंमतीहून अधिक. आणि ज्या थोड्या लोकांनीं ती घेतली त्यांच्या आठवणींत गाडीपेक्षां मनस्तापच अधिक. कल्याण-डोंबिवलीच्या मातींत जन्मलेल्या ह्या गाडीला कल्याण-डोंबिवलींतलाच हौशी ओळखत नाहीं.

ह्या सर्वांवर कायद्याचें जें छत आहे त्याविषयीं बोललें पाहिजे, कारण अमेरिकेंतला हौशी आणि आमचा हौशी ह्यांत खरा भेद तेथें पडतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, कारखानदारानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हें कलम काटेकोरपणें पाळलें पाहिजे असा निर्णय दिला. म्हणजे खरी हॉट रॉड आमच्या रस्त्यावर उजळ माथ्यानें फिरूं शकत नाहीं. ह्याची दुसरी बाजू अशी कीं जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें 'व्हिंटेज' वाहनांसाठीं स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेलीं, आणि चासी, देह, इंजिन ह्यांत मोठा बदल न झालेलीं वाहनें तींत येतात. नव्या नोंदणीचें शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षें. अशी गाडी रोज कामावर न्यावयाची नाहीं. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती ह्यांपुरती बाहेर काढावयाची.

म्हणजे ज्या गाडीकडे कोणी वळलें नाहीं, जिच्या पोटांत कोणीं हात घातला नाहीं, तीच पन्नाशीनंतर मानाची ठरणार. पण पन्नाशी गांठावयाची कशी? खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें दर पांच वर्षांनीं ती नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलें. पर्यावरण कर निराळा. ११८ एन्. ई. मधील सर्वांत वडील गाडी पन्नाशीची होईल २०३५ सालीं. पूझो ३०९ तर त्याच्याही पुष्कळ नंतर. तोंवर ती ना नवी, ना जुनी. विमेवाला तिला मोल देत नाहीं, मेळाव्यांत तिला रांग नाहीं, आणि इंजिनाला मात्र गिऱ्हाईक दारांत उभें.

नवरात्र संपल्यावर एका सकाळीं भाचा मला पुन्हां टेंभी नाक्याच्या त्या गल्लींत घेऊन गेला. गाडीचे मालक एक निवृत्त गृहस्थ निघाले. १९८७ सालीं त्यांनीं ती कोरी घेतली होती. टपावरचीं पानें झाडीत ते म्हणाले, "दर रविवारीं चालूं करतों. इंजिन मूळचेंच आहे. दोघे येऊन गेले, बाकीची गाडी तुमची तुम्ही ठेवा म्हणाले."

भाच्यानें विचारलें, "काका, तिचें पासिंग?"

"२०२२ ला करून घेतलें. आतां २०२७ ला एकदां, २०३२ ला एकदां. मग झालींच पन्नास." त्यांनीं बोटांवर हिशेब केला, बॉनेट उघडून आंत पाहिलें, पुन्हां लावलें. मग भाच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही गॅरेजांत जातां ना? पुढच्या कांचेचें रबर कोठें मिळालें तर तेवढें कळवा. पावसांत आंत पाणी येतें."